सोळा खंडी धान आणि बुधरी मांदाडे

वीस वर्षं मी रंगभूमीवर बाई होतो. राणी झालो, सावत्र आई झालो, दोनदा देवीही झालो. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं, आणि त्या काळी नाटकातली बाई पुरुषच असायचा. बाई करायची तर बायांकडे नीट पाहावं लागतं. गावात असं पाहणाऱ्याचे हाल होतात, म्हणून मी रीतसर परवानगी मागितली. आमच्या मोहबोडी गावच्याच बुधरी मांदाडेला.

"पाहा ना जी," ती म्हणाली. "पन रिकाम्या हातानं पाहू नका. मुसळ घ्या. पाहता पाहता कुडवभर कांडून होईन."

अशी माझी तालीम सुरू झाली. ती कांडायची, मी समोर कांडायचो. ती सूप कसं धरते, घाम पुसताना पदर कुठला घेते, रागावली की मान आधी वळते की डोळे, हे मी टिपून ठेवायचो. एकदा ती आमचं नाटक पाहून आली. दुसऱ्या दिवशी तिने उखळात धान ओतता ओतता विचारलं, "लटारूभाऊ, काल डोक्यावर घागर होती, तं हात कमरेवर कायले ठेवला? भरल्या घागरीची बाई कमरेवर हात ठेवत नाई. रिकाम्या घागरीची ठेवते."

"मग त्या राणीची घागर रिकामी होती असं समज."

"मंग राजाले पानी कुठून पाजलं?"

नागपूरच्या एका वर्तमानपत्राने माझ्या कामाची तारीफ छापली होती. ते कात्रण मी बरीच वर्षं जपलं. पण इतकी नेमकी टीका माझ्यावर पुन्हा कोणी केली नाही.

बुधरी ढिवराची. नवरा वारलू बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, जाळं टाकायचा, आणि बोलण्याचं सगळं खातं बायकोकडे सोपवून मोकळा झाला होता. जमीन नाही. बुधरी घरोघरचं धान आणून कांडायची, तांदूळ परत करायची, आणि कोंडा आणि कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, तिच्या मेहनतीचा. तिच्यासोबत अजून पाच बाया होत्या. जवळच्या मूल गावात तांदळाच्या गिरण्या वाढत होत्या आणि मोठी घरं हळूहळू धान गाडीत भरून तिकडे नेऊ लागली होती.

मला तिच्याबद्दल एक मोठं कुतूहल होतं. मूठभर धान हातात घेतलं की ती सांगायची, हे कोणाच्या बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं. वाण सांगणं समजू शकतो. लुचई बारीक, चिन्नोर वासाचा, हलकं धान लवकर पिकणारं, भारी धान उशिराचं. पण ही बाई घर सांगायची. कसं, म्हणून मी विचारायचो आणि ती दरवेळी वेगळं उत्तर द्यायची. एकदा म्हणाली वासावरून. एकदा म्हणाली दाताखाली धरून. एकदा म्हणाली, "तुमाले सांगून काय? तुमी नाटकात घ्यान." मी कान लावून बसायला लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुसळ पडताना ती मान किंचित वाकडी करते. ओल्या मातीतलं धान मंद वाजतं, मुरमाड बांधीतलं टणक. ती ऐकत होती. हे तिला बोलून दाखवल्यावर ती हसली, आणि हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तिच्या मनात एक हिशेब होता आणि तो ती कांडता कांडता दहादा सांगायची. पुसात, म्हणजे मळणीनंतर, धान स्वस्त असतं. तेव्हा दोन खंडी धान स्वतःचं घ्यायचं, सहा बायांनी कांडायचं, तांदूळ मूलच्या बाजारात विकायचा. मग फक्त कोंडा-कनकी नाही, सगळंच आपलं. वीस कुडवांची एक खंडी. दोन खंडी म्हणजे काही मोठं राज्य नव्हे. पण ते घ्यायला हातात काही लागतं. मूलचा दुकानदार धान द्यायचा तो दिढीने. एक कुडव नेलं की दीड परत. त्यात तिची मेहनत तशीच बुडायची.

सत्तावन्न साली मोहबोडीत बहुउद्देशीय सहकारी सोसायटी निघाली. तेव्हा आपला चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि रोज काहीतरी नवं निघत होतं. सोसायटीचं मुख्य काम धानाचं. पुसात प्रत्येक सभासदाने धान जमा करायचं, वैशाख-जेठात पेरणीआधी ज्याला लागेल त्याने बियाणं उचलायचं, आणि पुढच्या पुसात थोडी भर घालून परत करायचं. दिढी नाही. दसरूजी चेअरमन झाले. मला लिहिता-वाचता येत होतं आणि आवाज होता, म्हणून मी सेक्रेटरी.

उद्घाटनाला चावडीसमोर सगळं गाव होतं. जिल्ह्याच्या बँकेकडून नियमांचा एक कागद आला होता. तो मी वाचला. वाचला म्हणजे काय, मी तो सादर केला. राजा दरबारात फर्मान सोडतो त्या आवाजात मी म्हणालो, "सर्व सभासदांचे धान हे गावाचे धान समजावे." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कागद खाली घेतला आणि मान झुकवली. टाळी पडली की थांबायचं, ही नटाची सवय. कागदाला मागची बाजू होती. ती तशीच राहिली.

पुढे जे झालं ते आमच्या गावच्या रीतीप्रमाणेच झालं. नवं खाण्याच्या दिवशी मोहबोडीत प्रत्येक घरून एक सूप धान गावदेवी मातामायपुढे येतं आणि एकाच राशीत ओतलं जातं. कोणाचं किती, कोणाचं कसलं, हे पाहायचं नसतं, पाहणं वाईट. सोसायटीचं धानही तसंच जमा झालं: दसरूजींनी नारळ फोडला, पहिलं सूप ओतलं, आणि मग एकामागून एक सगळ्यांनी ओतलं. चावडीच्या खोलीत तीन ढोल्या होत्या, बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या, माणसाहून उंच. तिन्ही भरल्या. सोळा खंडी. मला तर वाटलं, याहून सुंदर प्रवेश मी पाहिला नाही.

बुधरी टोपलीत धान घेऊन आली होती. कमिटीतल्या मुखरूने तिला अडवलं. "बुधरी, तुले जमीन कुठी हाय? जमीन नाई तं सभासद कशी होशीन?"

"बोडी हाय ना. तिच्यात वारलूचं जाळं हाय."

"मंग मासे जमा कर."

लोक हसले. ती पण हसली. टोपली डोक्यावर घेऊन निघाली आणि जाता जाता ढोलीत डोकावली. "हलकं-भारी एक केलं जी तुमी," ती मला म्हणाली. मी नाटकी हात उभारून म्हणालो, "आता गावच एक झालं." तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी पुढे सावत्र आईच्या कामात पुष्कळ वापरलं.

वैशाखात ढोल्यांची माती फोडली. बियाणं मागणारी सतरा घरं होती. सोसायटी देणार म्हणून त्यांनी आपलं बियाणं लग्नांत, बाजारात संपवलं होतं. मुखरू त्यातलाच. पहिलं सूप बाहेर आलं, आणि त्याने दाणे तळहातावर पसरले. लांब, आखूड, जाड, तांबूस. चार वाणांची खिचडी. असं बियाणं पेरलं तर एकाच बांधीत अर्धं धान आश्विनात पिकून गळणार आणि अर्धं कार्तिकात हिरवंच उभं राहणार. मग मुखरू म्हणाला, "लटारू, राजाचं धान पाह्य."

मी घरी येऊन तो कागद काढला आणि पहिल्यांदाच मागची बाजू वाचली. पहिलीच ओळ होती: वाण वेगवेगळे ठेवावेत.

मूलच्या गिरणीवाल्याने मूठभर पाहून अर्धा भाव सांगितला. त्याचंही खरं होतं. दाणा सारखा नसला की गिरणीत जाड भरडला जातो आणि बारकाचा चुरा होतो. अर्ध्या भावात सतरा घरांचं बियाणं येत नव्हतं. मिरग लागायला चोवीस दिवस होते. दसरूजी म्हणाले, "दिढीनं आना आता. सोसायटी गेली." ते शांतपणे म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

मी बुधरीकडे गेलो. सल्ला मागायला गेलो असं म्हणत नाही. चूक कबूल करायला एखादं माणूस लागतं. ती अंगणात सूप विणत होती.

"गिरनीत नाई जमत," ती म्हणाली, "पन उकडलं तं जमते. धान उकडा, वाळवा, मंग कांडा. उकडलं का जाड-बारीक सारखंच निघते, तुटत नाई. तो तांदूळ विका. आलेल्या पैशानं शुद्ध बियानं घ्या."

"कोण घेईल मिसळलेला तांदूळ?"

"जंगलात बांबू तोडनारे काय दाना मोजून खातेत? त्याइले पोट भरनारा पाह्यजे. त्याइले तांदूळ पोचवनाऱ्या मन्सूरभाईले इचारा."

मी उठलो. म्हणालो, तुम्हा सहा जणींना मजुरी देऊ, पाहिजे तर थोडी जास्त.

"मजुरीनं नाई करत, भाऊ."

"मग?"

"ते धान मले उधार द्या. सोळाच्या सोळा खंडी. माझ्या नावानं वहीत लिहा. मी त्याच्या बदल्यात सतरा घराइले बियानं देतो मिरगाच्या आंधी. उरलं तं माझं. बुडालं तं माझं." ती सूप विणतच होती. "मजुरी तं मी जलमभर करूनच राह्यली. एकदा माझं नाव लिहून पाहा."

आमच्याकडच्या बाया बोलताना असं करतो, देतो म्हणतात. पण त्या दिवशी ते देतो मला फार ठाम वाटलं.

दोन दिवसांनी बँकेचे सुपरवायझर सायकलीवर आले. खानझोडे त्यांचं नाव. किडकिडीत, पायजम्याला क्लिप लावलेले. कमिटी चावडीत बसली. बुधरी दाराशी उभी होती. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

खानझोडे तिच्याकडे वळले. "बाई, धान एकदा उकडलं की ते बियाणं राहत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"तुमच्या आज्याच्या आंधीपासून ठाऊक हाय, साहेब."

"म्हणजे तांदूळ विकला गेला नाही तर गावाकडे काहीच उरणार नाही."

"आता काय उरलं हाय?" ती म्हणाली.

खानझोडेंना हसू आलं. ते म्हणाले, पण सभासद नसलेल्याला कर्ज देता येत नाही, आणि ह्यांना जमीन नाही. मी कागद उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला. मागच्या बाजूची चौथी ओळ: शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांस सभासद होता येईल. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

"धान कांडणं ही कारागिरी आहे का?"

"तुमी कांडून पाहा जी," बुधरी म्हणाली.

ते खरोखरच उठले. दसरूजींच्या अंगणात उखळ होतं. साहेबांनी बाह्या सारून पंधरा-वीस घाव घातले. अर्धं धान उखळाबाहेर आणि आतलं चूर. त्यांनी तो चुरा बोटांनी वर-खाली केला, आणि परत येऊन वहीत लिहिलं: कारागीर.

राहिला जामीन. दोन जमीनवाले सभासद जामीन लागत. माझी दोन एकर बांधी होती, मी अंगठ्याऐवजी झोकात सही केली. दुसरा कोण? दसरूजी चेअरमन, त्यांना चालत नव्हतं. बाकीचे आपापल्या पायांकडे पाहत राहिले. तेव्हा मुखरू पुढे आला.

"मी राह्यतो."

"तू?" दसरूजी म्हणाले.

"मंग काय? माझं धान तं आतापासूनच बुडालं हाय. बुडालेल्या मानसाले भेव कायचं? आना शाई." अंगठा टेकवून तो बुधरीकडे वळला. "पन तू पयाली ना, तं मी वारलूचं जाळं नेईन."

"ने बाप्पा. तो पन घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुली पेटल्या. सहा बाया, सात हंडे. धान उकळत घालायचं, साल जरा फुटायला लागली की उतरायचं, खळ्यावर पसरायचं, पायांनी परतवत वाळवायचं, कांडायचं. मी आमच्या नाटक मंडळीचे दोन पडदे धान वाळवायला दिले. एका महालावर आणि एका अरण्यावर धान पसरलेलं मी तेव्हा पाहिलं. पहिला हंडा उतरला तेव्हा अर्धं गाव भोवती उभं होतं. आता माघार नव्हती. बुधरीने एक दाणा सोलला, दातांनी तोडला आणि मधे पांढरा ठिपका उरला आहे का ते पाहिलं. उरला होता. झाकण परत ठेवलं. इतक्या लोकांसमोर, इतक्या घाईत, इतका वेळ थांबणारी व्यक्ती मी रंगमंचावरही फार पाहिलेली नाही.

सहाव्या दिवशी मन्सूरभाई बैलगाडी घेऊन आले. ते मूलचे व्यापारी. एटापल्लीकडच्या बांबूच्या कॅम्पांवर मीठ, तेल, तांदूळ पोहोचवायचे. त्यांनी तांदूळ तळहातावर घेतला.

"ये क्या है बाई, बारात है? हर किसम का आदमी?"

"बारातच समजा. जेवाले बसली का सारी सारखीच."

"शिजेल एकसारखा?"

तिने आधीच हंडी चढवली होती. पळसाच्या पानावर भात वाढला, वर मिठाचा खडा. मन्सूरभाई उकिडवे बसून जेवले. दाणा मऊ, सुटा, एकही कच्चा नाही. दुसरं पान मागितलं. मग भाव सुरू झाला आणि तो दुपारपर्यंत चालला. ते दोनदा गाडीवर जाऊन बसले, तिने दोनदा हाक मारली नाही, आणि दोनदा ते स्वतःच उतरले. शेवटी पाण्याच्या तांब्यासोबत भाव ठरला. धानाच्या हिशेबात धरला तर गिरणीवाल्याने सांगितल्याच्या दीडपट.

"तुमच्या बायांना कॅम्पवर पाठवा," निघताना ते मला म्हणाले, "ठेकेदाराशी भांडायला."

मन्सूरभाईंच्या चार खेपा झाल्या. सतराव्या दिवशी तिसरी ढोली रिकामी झाली, आणि मग मला माझ्या जुन्या कुतूहलाचा उपयोग कळला. बियाणं आणायला बुधरी, मी आणि मुखरूची गाडी. आजूबाजूच्या तीन गावांत कोणाकडे कुठलं वाण शुद्ध आहे, हे ती घराघराने सांगत होती, कारण त्या घरांचं धान तिने वर्षानुवर्षं कांडलं होतं. बँकेच्या कुठल्या वहीत ते नव्हतं. एका मोठ्या वाड्यात मालक स्वतः पोतं सोडून दाखवत होते. तिने मूठ घेतली, कानाशी हलवली आणि परत टाकली.

"हे तुमच्या खालच्या बांधीतलं, जी. तिच्यात भारी मिसळला हाय. वरच्या बांधीतलं आना."

मालक तिच्याकडे पाहतच राहिले. मग आत गेले आणि दुसरं पोतं घेऊन आले.

मिरगाच्या तीन दिवस आधी सतरा टोपल्या चावडीत लागल्या, प्रत्येकीवर चुन्याची खूण, प्रत्येकीत एकच वाण. वाटून झाल्यावर बुधरीकडे जे उरलं ते सहा जणींत वाटलं गेलं. फार नव्हतं. ती निराश झाली असेल म्हणून मी काहीतरी बरं बोलायला गेलो, तर तिने विचारलं, "वहीत काय लिहिलं?"

"कर्ज फिटलं."

"नाव?"

"तुझंच."

तिने पदराने हात पुसले आणि घरी गेली.

पुसात पुन्हा सोसायटी भरली. या वेळी ढोल्या चार होत्या, वाणागणिक एक, आणि कुठलं सूप कुठल्या ढोलीत हे बुधरी सांगत होती. चार लोकांचं धान तिने ओलं म्हणून परत पाठवलं. त्यातले एक चेअरमन होते. त्याच दिवशी, या वर्षी पहिल्यांदाच, कामधंद्यासाठी धानाच्या कर्जाचं वाटप होतं. चावडीच्या पायऱ्यांपासून चिंचेपर्यंत रांग लागली. सूप ठेवून ती बाहेर गेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मी टेबलावरून पाहिलं. माझ्याने राहवलं नाही. म्हणालो, "बुधरीबाई, पुढे या. तुम्हाला कशाला रांग?"

मुखरू रांगेत चौथा होता. तोही बाजूला झाला. "ये ना, माझ्या आंधी ये. जामीन मीच हाय तुया."

"नाई," ती म्हणाली. "सारे उभे हायत तं मी पन राह्यतो."

"पाय दुखतीन ना."

"दुखू दे."

ऊन चढलं, चिंचेची सावली सरकली, रांग हळूहळू पुढे आली. ती मधल्या माणसांशी बोलत होती, कोणाच्या म्हशीची चौकशी करत होती, कोणाला हसत होती. माझ्यासमोर आली तेव्हा दुपार कलली होती. मी तिला तीस वर्षं ओळखत होतो, तरी नियमाप्रमाणे विचारलं, "नाव?"

तिने पदर सारखा केला. आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बुधरी वारलू मांदाडे. कारागीर. दोन खंडी."